बसबाईंचं स्वतःचं पंक्चर

शाळेची बस चालवता चालवता त्यांचे केस पांढरे झाले, पण वेगाची हौस काही पांढरी पडली नाही. ‘बसबाई’ हे मुलांनी पाडलेलं नाव. पुढे ते शेजाऱ्यांनी उचललं, मग वाण्याने, आणि शेवटी घरात नवऱ्यानेही. शाळेच्या रस्त्यांवर मुंगीच्या चालीने जन्म काढलेल्या या बाईने निवृत्त होताच काय केलं असेल? जुनी, पोपटी रंगाची, दोन माणसांची स्पोर्ट्स कार घेतली! गाडी इतकी बुटकी, की शेजारचा कुत्रा येता-जाता खिडकीतून सरळ बाईंच्या डोळ्यांत बघायचा.

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. माणूस ताडमाड उंच, त्यात गाडी लागायची.

“मला यात बसायचं तर पाय काढून टपावर बांधावे लागतील,” तो म्हणाला. “तू ताईला घेऊन जा.”

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. गल्लीच्या तोंडाशी तिचं केस कापायचं दुकान. गिऱ्हाइकाच्या मानेवर कात्री असतानाही खदखदून हसणारी बाई ती. तिला विचारायचाच अवकाश होता. बेत ठरला: डोंगर ओलांडून थेट पलीकडच्या समुद्रापर्यंत.

निघायच्या आधी बसबाईंनी डिकीतली चटई उचलून बघितली आणि त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. स्टेपनी नाही! स्टेपनीच्या जागी बॅटरी, एक चिमुकला पंप आणि फेसाची बाटली. टायरमध्ये भोक पडलं की हा फेस आत सोडायचा, म्हणे.

“अगं, माझ्या बसचं चाक गेलं की डेपोतून माणसं यायची,” त्या नणंदेला म्हणाल्या. “मी नुसती मुलांची गाणी ऐकत बसायचे. जन्मात एक नट फिरवला नाहीये मी!”

“मग आता फिरवू की, वहिनी. दोघी मिळून फिरवू.”

झालं! दुसऱ्या दिवसापासून अंगणात तालीम सुरू झाली. भंगारातून एक जुना टायर आला. बसबाईंनी त्यात खिळा ठोकायचा, ताईंनी पकडीने उपटायचा, मग आरीसारख्या हत्याराने भोक मोठं करून त्यात चिकट रबरी दोरी कोंबायची. पहिल्या दिवशी दोरी टायरला सोडून ताईंच्या बाहीला चिकटली. दुसऱ्या दिवशी फेसाची बाटली नीट चालते का ते बघायला बसबाईंनी ती स्वयंपाकघरात उघडली. फेस आला तो थेट भिंतीवरच्या घड्याळापर्यंत. नवरा दारात येऊन उभा राहिला, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि माघारी गेला. दोघी फरशीवर बसून पोट धरधरून हसल्या.

नवी बाटली आली. गाडीखाली जॅक सरकेना, इतकं तिचं पोट जमिनीला टेकलेलं. म्हणून चाक आधी चढवायला लाकडी फळ्या आल्या. नट घट्ट करायचा लांब पाना आला, हातमोजे आले, टॉर्च आला. सगळं डिकीत गेलं आणि कपड्यांना जागाच उरली नाही. शेवटी ताई फळ्यांवर पाय ठेवून, मांडीवर कपड्यांची पिशवी घेऊन बसल्या. गुडघे पार हनुवटीला लागले. गाडी गुरगुरत गल्लीबाहेर पडली तेव्हा दोघी शाळेला दांडी मारलेल्या पोरींसारख्या किंचाळत होत्या.

रस्ता मोकळा, हवा गार, गाडी नुसती उडत होती. पण बसबाई कानात प्राण आणून ऐकत होत्या. जरा खडा वाजला की ब्रेक! उतरायचं, चारही टायर दाबून बघायचे, पुन्हा बसायचं. दुसऱ्या दिवशी डोंगर चढतानाही टायर धडधाकटच. बसबाईंचा चेहरा उतरला.

“एवढी तालीम काय फुकट जाणार?” त्या पुटपुटल्या.

“वहिनी, लोक पंक्चर होऊ नये म्हणून हात जोडतात हो!”

घाट उतरल्यावर मात्र गाडी मागून डुलायला लागली. बसबाईंनी हळूच ती रुंद कडेला घेतली, उतरल्या, मागच्या चाकापाशी वाकल्या.

“झालं! ताई, झालं! बसलं चाक!”

दोघींनी एकमेकींचे हात धरून रस्त्याच्या कडेला फुगडीच घातली. मग धावपळ. फळी, जॅक, पाना. आधी नट सैल करायचे आणि मग गाडी उचलायची, हे बसबाई मोठ्याने घोकत होत्या. चाक निघालं, पण खिळा काही दिसेना. ताईंनी पर्समधून शाम्पू काढला, पाण्यात कालवून टायरवर ओतला, आणि मधोमध एका बारीक काचेच्या टोकाशी बुडबुडे फुलले.

“सापडला चोर!”

एक गाडी थांबली. “मदत करू का?”

“अजिबात नको!” दोघी एका सुरात ओरडल्या.

पाठोपाठ लग्नाला निघालेल्या वाजंत्र्यांची गाडी थांबली. त्यांनाही नकार मिळाला, पण ते हलेनात. खाली उतरून बघतच राहिले. काच निघाली. दोरी भोकात गेली, पहिल्याच फटक्यात. पंप घरघरला, टायर फुगला, आणि शाम्पूच्या पाण्यात एकही बुडबुडा उठला नाही. वाजंत्र्यांना राहवेना. एकाने ट्रम्पेट काढला, दुसऱ्याने ढोल, आणि त्या उन्हात, शेवटचा नट घट्ट होईपर्यंत, अशी धून वाजवली की येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटावं वरात इथूनच निघणार आहे. काळ्या हातांच्या बसबाई लाजून लालेलाल.

त्यांनी लगेच नवऱ्याला फोन लावला. “अहो, पंक्चर झालं!”

“अरे बापरे! आता?”

“बापरे काय? अभिनंदन करा!”

पुढच्या गावात त्यांनी दुकान गाठलं, त्या मापाचा टायर शहरातून येईपर्यंत दोन दिवस मुक्काम केला आणि नवा टायर बसवून घेतला. दोरीच्या भरवशावर भरधाव जायचं नाही, एवढं त्या शिकल्या होत्या. समुद्रावर पोचल्या तर बसथांब्यावर एक ताडमाड उंच माणूस उभा. फोनवरचं ते ‘अभिनंदन करा’ ऐकून त्याला दुकानात बसवेना. मिळेल त्या बसने, मळमळ सोसत तो आला होता.

“मलाही एक फेरी मार,” तो म्हणाला.

ताई फळ्या घेऊन उतरल्या. तो अंगाची घडी घालत आत शिरला, गुडघे कानांपाशी, डोकं टपाला. बसबाईंनी किनाऱ्याच्या सरळ रस्त्याला गाडी लावली आणि त्याच्याकडे बघितलं.

“हळू चालवू?”

त्याने डोळे गच्च मिटले. “नको,” तो म्हणाला, “आता आलोच आहे तर जोरात सोड!”