लछुकाकांचं नवं आडनाव

लछुकाकांना 'नाही' म्हणता येत नसे. फाळणीत सिंधमधून आलेला हा माणूस बुऱ्हाणपूरच्या बुधवारा मोहल्ल्यात टोपली घेऊन पापड विकायचा. पापड जाड आहेत म्हणा, "बराबर है." पातळ आहेत म्हणा, तरी "बराबर है."

लेकीला शाळेत घालायला ते आले, तेव्हा प्रवेशाचं रजिस्टर माझ्याकडे होतं. नवा मास्तर, त्यात उपकार करायची दांडगी हौस! त्यांनी आडनाव सांगितलं, खेमानी. पणजोबा खेमा, त्यांच्यावरून.

"काका, इथं मिसळायचं तर इथल्यासारखं आडनाव लावा. आमच्यात गावावरून लावतात. मी यावलकर, तुम्ही बुऱ्हाणपूरकर!" मी स्वतः यावल बघितलेलंही नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

"बराबर है, मास्टरजी." मग दारात थबकून म्हणाले, "बड़ा भाई रास्ते में बिछड़ गया. ढूँढता हुआ आया तो?"

"अहो, तुम्हाला सगळा बुधवारा ओळखतो!" असं म्हणून मी झोकात सही ठोकली.

हेडमास्तरांनी ते वाचून कपाळावर हात मारला. "यावलकर, गाव सोडून गेलेल्याला गावाचं आडनाव लागतं हो! बुऱ्हाणपुरात कोण बुऱ्हाणपूरकर असतो?" सगळे मास्तर पोट धरून हसले. मी मात्र चूक कबूल करणाऱ्यातला नव्हतो. नाव तसंच राहिलं.

तीन वर्षांनी एका दुपारी कुणीतरी टेबलापाशी येऊन विचारलं, "मास्टरजी, किसी खेमानी का बच्चा पढ़ता है यहाँ? भाई को ढूँढ रहा हूँ. गाँव-गाँव के स्कूल में पूछता हूँ." मी पानापानावरून बोट फिरवलं आणि छातीठोकपणे सांगितलं, "इस नाम का कोई नहीं."

तासाभरानं वर्गात हजेरी घेताना मीच पुकारलं, "बुऱ्हाणपूरकर!" लछुकाकांची लेक "हाजिर" म्हणाली आणि मला दरदरून घाम फुटला. सायकल हाणत स्टेशन गाठलं. गाडी निघून गेली होती. पत्ता विचारायचं तर मला सुचलंच नव्हतं.

तसाच लछुकाकांकडे गेलो आणि रडत रडत सगळं सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला पाणी दिलं. मग हळूच विचारलं, "मास्टरजी, भाई के बाल सफ़ेद हो गए थे क्या?"

मी रजिस्टरातून मान वरच केली नव्हती.