मावशीच्या फोनला नेट लागलं तेव्हा

शिरूर कासारला बाजारतळाजवळ खताच्या दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या. तिथं आमच्या बचत गटांच्या संघाचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे मी आणि सर. सर आमचे व्यवस्थापक, निवृत्तीला आलेले; मी हिशेब आणि कॉम्प्युटरवरची कामं बघायची. खालून खताचा वास जिन्यानं वर यायचा. पहिल्या आठवड्यात मला मळमळायचं, पुढं पुढं वास आला नाही तर चुकल्यासारखं वाटायला लागलं.

कॉम्प्युटर बीडच्या ऑफिसनं वापरून आमच्याकडं पाठवलेला होता. त्याच्या आतली छोटी बॅटरी मेलेली, त्यामुळं रोज सकाळी सुरू केला की त्याची तारीख कितीतरी वर्षं मागं गेलेली असायची. तारीख चुकली की एकही वेबसाइट उघडायची नाही, सुरक्षित नाही म्हणून अडवायची. सुरुवातीला मी वाय-फायलाच शिव्या घालायची. मग कधीतरी कोपऱ्यातल्या घड्याळाकडं लक्ष गेलं. तेव्हापासून आल्या आल्या पदर खोचायचा, टेबल पुसायचं आणि कॉम्प्युटरला आजची तारीख सांगायची, असा माझा नेमच झाला.

वाय-फायचं वेगळंच. ते पाहुण्यासारखं यायचं आणि न सांगता जायचं. राउटर सरांनी हौसेनं लोखंडी कपाटाच्या मागं, भिंतीला ठोकून बसवला होता. "दिसायला बरं दिसतं," म्हणायचे. कपाटाचं लोखंड सिग्नल अडवतं हे कळल्यावर आम्ही दोघांनी कपाट ओढत ओढत दुसऱ्या खोलीत नेलं. त्या दिवशी नेट इतकं सुरळीत चाललं, की सरांनी खालून भजी मागवली. दोन दिवसांनी परत तेच. पण नेट गेलं की आम्ही बोलायचो. सर त्यांच्या आष्टीकडच्या गावाच्या गोष्टी सांगायचे, मी माझ्या सासरच्या. आज मी ज्या ऑफिसात आहे तिथं नेट कधी जात नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मुलं किती, हे मला वर्षभरानं कळलं.

दिवाळी झाली की तालुका रिकामा व्हायचा. ट्रॅक्टरमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि माणसं भरून टोळ्या ऊसतोडीला निघायच्या. मग आमच्याकडं यायच्या त्या मागं राहिलेल्या म्हाताऱ्या बायका. त्यात डोंगरातल्या एका वस्तीवरच्या मावशी होत्या, तिथल्या गटाच्या अध्यक्ष. त्यांचे मालक अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले, वाचाही गेलेली. लेक-जावई दरवर्षी कर्नाटकात तोडीला जायचे. त्या वर्षी लेक पोटुशी होती, तरी गेली.

मावशींच्या वस्तीवर रेंज लागत नसे. म्हणून बाजाराच्या दिवशी त्या आमच्या ऑफिसात यायच्या, चटईवर बसायच्या आणि जावयानं दिलेला जुना मोबाइल पदराखालून काढायच्या. काच तडकलेली, मागचं झाकण रबरानं बांधलेलं. आमचं वाय-फाय लागलं की आठवडाभर साठलेले निरोप टिंग टिंग करत यायचे. मावशींना वाचता येत नव्हतं. लेक बोलून पाठवायची, आणि त्या फोन कानाला लावून तेच ते ऐकत राहायच्या.

अशा एका बाजाराच्या दिवशी मावशी जिना चढून आल्या त्या धापा टाकतच. जावयाचा निरोप शेजाऱ्याकडून आला होता. लेक बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी सुखरूप.

"बाई, लेकीचा फोटू आला आसंल. बगा बरं माज्या फोनात."

नेमका त्याच आठवड्यात बीडहून नवा राउटर आला होता. माझ्या फोनवर नेट झकास पळत होतं. पण जुना कॉम्प्युटर तारीख बरोबर करूनही जोडायला तयार नव्हता, आणि मावशींचा फोन तर नाव दिसूनही आत शिरेना. पासवर्ड टाकला की थोडा वेळ गोल फिरायचं आणि परत बाहेर.

"ह्याला कावून राग आला?" मावशी म्हणाल्या.

मी माझ्या फोनवरून लेकीला व्हिडिओ कॉल लावला. पलीकडं उसाच्या पाचटाची झोपडी, तोडीवरची कोपी, दाराशी लेक, कानाला फडकं बांधलेलं. तिनं बाळ कॅमेऱ्यासमोर धरलं. मावशींनी फोन दोन्ही हातांत घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. लेकच तिकडून म्हणत होती, "आये, बोल की. आये?" शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "तेल लाव तिला. डोकं झाक." आणि पदर डोळ्याला लावला.

कॉल संपला. मला वाटलं, झालं काम. पण मावशी उठेनात.

"म्या बगितलं. ह्यास्नी कशी दाखवू? त्ये तर हितं येऊ शकत न्हाईत."

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. फोटो त्यांच्याच फोनात उतरायला हवे होते, वस्तीवर नेण्यासाठी. सर खुर्ची ओढून मावशींच्या पुढ्यात येऊन बसले. नेटवर्क पुसून टाकलं, पासवर्ड नव्यानं घातला. फोन बंद करून चालू केला. राउटरच्या अगदी खाली नेऊन धरला. लेकीकडून फोटो माझ्या फोनवर मागवून घेतले, ते ब्लूटूथनं पाठवायला गेलो तर ते चिन्ह दाबताच मावशींचा फोन मरून पडायचा.

"सायेब, जाऊ द्या. जुना झालाय तो, माज्यावानी," मावशी म्हणाल्या.

"थांबा हो मावशी. तुमच्या वस्तीकडची जीप अजून भरली न्हाई," सर म्हणाले.

मग मी माझ्या मोबाइलचं हॉटस्पॉट चालू केलं. आमच्या खोलीत मोबाइलची रेंज जेमतेम, त्यामुळं फोटो उतरायची आशा नव्हती. उतरलाही नाही. पण मावशींचा फोन हॉटस्पॉटला चटकन जोडला गेला! सर उठून उभेच राहिले.

"ताई, फोन चांगला हाय! ह्याला जोडता येतंय. दोष त्या नव्या डब्यात हाय."

राउटर बसवून गेलेल्या बीडच्या माणसाला सरांनी फोन लावला. तो जेवत होता. त्यानं सांगितलं ते असं, की नवा राउटर नव्या पद्धतीचं कुलूप लावतो, आणि जुन्या फोनला, जुन्या कॉम्प्युटरला ते उघडायचं कसं हेच माहीत नसतं. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन जुनी पद्धतही चालेल असं ठेवायचं. तो तिकडून एकेक पायरी सांगत गेला, सर मोठ्यानं म्हणत गेले, मी माझ्या फोनवर दाबत गेले. सेव्ह केल्यावर राउटरचे सगळे दिवे विझले. मावशी घाबरल्या. "मेलं का त्ये?"

दिवे परत लागले. मावशींच्या फोनवर मी पासवर्ड टाकला. गोल फिरलं, फिरलं आणि थांबलं. मग टिंग. आणखी एक टिंग. एकेक फोटो धूसर यायचा आणि हळूहळू स्वच्छ व्हायचा. मिटलेल्या मुठी. कपाळावर काजळाची तीट. शेवटी लेकीनं बाळाचं रडणं पाठवलं होतं, तेही उतरलं. ते रडणं आमच्या त्या दोन खोल्यांत घुमलं, तेव्हा सर खिडकीकडं तोंड करून उभे होते. मावशींनी फोन रबर लावून पदराखाली ठेवला आणि जीप गाठायला जिना भराभरा उतरल्या. त्या वयात त्यांना तसं उतरताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या बाजाराला त्या आल्या त्या हसतच. मालकांनी आधी रडणं ऐकलं म्हणे. मान वळवून बाळ कुठंय ते शोधायला लागले. मग फोटो दाखवला. चालत्या हातानं त्यांनी बाळाच्या गालाला हात लावला, तशी काचेवरचं बाळ सरकून गेलं आणि दुसराच फोटो आला. म्हातारा कावराबावरा झाला, आपल्या हातून काहीतरी झालं म्हणून हात मागं घेईना की पुढं नेईना. "लई रडले ओ," मावशी सांगत होत्या आणि हसता हसता स्वतःही रडत होत्या. "मग म्या शिकवलं त्यास्नी. आता रोज बगत्यात, पर बोट लावत न्हाईत."

टोळ्या गुढीपाडव्याच्या आसपास परतल्या. ट्रॅक्टर बाजारतळाशी थांबला आणि मावशींची लेक बाळाला घेऊन आमचा जिना चढून आली. उन्हानं काळवंडलेली, हाताला कोयत्याचे घट्टे. बाळ तोवर चांगलं गुटगुटीत झालेलं. सरांनी टेबलावरच्या फायली एका बाजूला सारल्या, आपला स्वच्छ पंचा अंथरला आणि बाळाला तिथं ठेवलं. तिनं लगेच की-बोर्डावर लाथा मारायला सुरुवात केली. पडद्यावर अक्षरांची रांग उमटत राहिली आणि सर म्हणाले, "मारू द्या ताई, तिला कुणी काही म्हणू नका." खाली ट्रॅक्टरवाला भोंगा वाजवत होता. लेक म्हणाली, वस्तीवर आबा अंथरुणात वाट बघत असतील, आणि बाळाला उचलून निघाली.