घशातले दोन आवाज

बबन गेल्याचा निरोप मला पहिली शिफ्ट सुटताना कंपनीच्या गेटवर मिळाला. त्याच्या धाकट्या भावाने सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "दादा गेलं. झोपेतच." शेवटी काही बोलला का, असं मी विचारलं. न्हाई, काहीच न्हाई, तो म्हणाला. आणि मला आधी हायसं वाटलं... दुःख त्याच्यामागून आलं. महिना उलटला तरी हा क्रम डोक्यातून जात नाही.

चीनची लढाई झाली त्या साली आम्ही दोघे कारखान्यात लागलो. मी डिप्लोमावाला, पुढे प्रेस शॉपचा सुपरवायझर झालो. तो पिंपळे सौदागरच्या शेतकरी घरातला, प्रेसवरचा कामगार. बबन नकला करायचा. कँटीनवाल्याची, टाइम ऑफिसातल्या कारकुनाची, भोंग्याची. कावळ्याची तर अशी, की कँटीनच्या पत्र्यावर खरे कावळे येऊन बसत. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की सगळे माझ्या नकलेचा आग्रह धरत. "माल निघाला पाहिजे, माल!" वाक्याच्या शेवटी मी तोच शब्द पुन्हा आपटतो, हे मला त्याच्यामुळे कळलं. मीही हसायचो. पण दाढदुखीवाल्याची नक्कल केली की संध्याकाळपर्यंत बबनचाच गाल ठणकायचा. कुणाच्या मयतीला जाऊन आला, की तिथल्या रडण्याचा सूर त्याला कित्येक दिवस सोडत नसे, अन्न गोड लागत नसे. म्हणायचा, "तुमी ऐकता ते कानातनं निघून जातं सायेब. माज्या घशात उतरतं."

प्रेसच्या तोंडाशी, हात आत जाऊ नये म्हणून, लोखंडी जाळी असते. ती लावलेली असली की काम सावकाश होतं. एकदा माल अडला होता, वरून सारखी विचारणा होत होती, आणि मी दिनकर नावाच्या आमच्या कामगाराला सांगितलं, "जाळी काढ. माल निघाला पाहिजे, माल." दुपारी अडकलेला पत्रा ओढायला दिनकर आत वाकला आणि प्रेस खाली आली. "आये" म्हणून त्याने फोडलेली हाक अर्ध्यात तुटली. शेजारच्याच प्रेसवर बबन होता. माझं वाक्य त्याने ऐकलं होतं आणि ती हाकही.

चौकशीत मी सांगितलं, जाळी दिनकरने आपणहून काढली. बबनला विचारलं तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "मशीनच्या आवाजात काय ऐकू आलं न्हाई." ज्याच्या कानातून पाखराचा आवाज सुटत नसे, तो हे म्हणाला. त्याला कायम करताना मी शब्द टाकला होता. ते तो विसरला नव्हता. दिनकरच्या नावापुढे निष्काळजीपणा लागला.

दिनकरची दशक्रिया पवनेच्या काठी झाली. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. पिंपळावर कावळे होते, पण उतरत नव्हते. दिनकरचे वडील, तात्या, चाकणच्या पुढच्या वाडीतले. ते हात जोडून एकेक कबूल करत होते. सुनेला अंतर देणार न्हाई, पोरास्नी शिकवीन... ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू या. तात्यांनी नकारार्थी मान हलवली. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "कंपनीतल्या कुनाकडं तरी त्याचा जीव आडकलाय. बोला की राव कुनीतरी." माणसं माझ्याकडे वळली. बोलायला एक वाक्य पुरे होतं आणि ते माझ्या तोंडाशी आलंही होतं. मी बबनजवळ सरकलो आणि हळूच म्हणालो, "कावळा बोलाव."

"नगं सायेब," तो म्हणाला. "तोंड उघडल्यावर कोन भाईर येईल, माजा मला भरवसा न्हाई."

"बोलाव, बबन."

तो पिंपळाच्या बुंध्याआड गेला. मी घाटावर उभा होतो. दिनकरची हाक येईल का... की माझाच आवाज येईल, जाळी काढ, माल निघाला पाहिजे, असा सगळ्या घाटावर? काहीच येईना. मग कावळ्याचा आवाज आला, फाटका, तुटक. झाडावरचे कावळे उठले आणि एकाने पिंडाला चोच लावली. पोरगं सुटलं म्हणून तात्या रडले. बबन बुंध्याआडून आला तेव्हा त्याचा खालचा ओठ रक्ताने भरला होता.

त्यानंतर त्याने नक्कल केली नाही. पोरं डिवचायची, "बबनराव, टेप तुटली का काय?" तो नुसता हसायचा. बोलणंही कमी होत कुजबुजीवर आलं. त्याच्या घरी गेलो की दिसायचं, सकाळी तो परसातल्या भिंतीवर कावळ्यांसाठी चतकोर भाकरी ठेवतो आणि मागे सरकून गप्प उभा राहतो. हाक का मारत नाहीस, मी एकदा विचारलं.

"एकदा लबाडीनं बोलावलं. आता न बोलावता देतो. कावळं खाऊन गेलं की घसा जरा मोकळा ऱ्हातो." मग भिंतीकडे बघतच म्हणाला, "माज्या घशात तुमी दोघं हायसा, सायेब. तुमी तात्याला एकदा सांगा. तुमचा आवाज तरी निघंल. दिनकरला मग मी सांभाळीन."

सांगतो म्हणालो. पुढेही विचारलं तेव्हा सांगतो म्हणालो. मग त्याने विचारणं सोडलं. मी संत तुकाराम नगरात राहायला गेलो आणि पिंपळे सौदागरकडे फिरकेनासा झालो.

बबनची दशक्रिया त्याच घाटावर झाली. तात्या आले होते, कंबरेत वाकलेले. दर पेरणीला बबन रजा टाकून त्यांच्या शेतावर राबायला जायचा, हे मला त्या दिवशी कळलं. मी मनाशी ठरवून गेलो होतो. कावळा अडला, की सगळ्यांसमोर बोलायचं. पिंड ठेवला, ठेवणाऱ्याचा हात मागे यायच्या आत कावळा उतरला. भाग्यवान माणूस, लोक म्हणाले. इतकी वर्षं बबन माझ्यासाठी थांबला होता. त्या दिवशी थांबला नाही.

लोक पाय धुऊन निघाले. तात्या वहाणा शोधत होते. मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "तात्या, जाळी दिनकरने काढली नव्हती. मी काढायला लावली." कावळ्याचंही सांगितलं. ते पायरीवर बसले. त्यांनी विचारलं, "बबनला ठावं व्हतं?"

"हो."

"तरीच," ते म्हणाले. "दिसभर राबायचा, पन माज्याकडं मान वर करून बगायचा न्हाई." ते उठले. वहाणा तशाच हातात घेऊन चालू लागले.

गेल्या आठवड्यात बबनच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने, वहिनींनी, चतकोर भाकरी माझ्या हातात दिली, म्हणाल्या, "आज तुमी ठिवा." मी ती भिंतीवर ठेवली आणि मागे सरकलो. कावळा समोर तारेवर बसून होता. उतरला नाही. चहा निवला, तरी उतरला नाही.

"त्याला तुमची वळख न्हाई अजून," वहिनी म्हणाल्या. "उद्या या."

आता रोज जातो. भाकरी ठेवतो, मागे सरकतो आणि तोंड मिटून उभा राहतो.