तात्यांची सूज आणि रशियाचा अंतराळवीर

‘हाड मोडलेल्या माणसाला आराम द्यायचा. का, ते विचारायचं नाही.’

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मोठ्या सरांनी मला हा नियम ऐकवला. मोठे सर म्हणजे आमच्या वाशीच्या छोट्या हॉस्पिटलचे हाडांचे डॉक्टर. मी फिजिओथेरपिस्ट, नवी कोरी. माझा विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली. तीत दोन टेबलं, एक आरसा आणि वाळूच्या पिशव्या.

त्या खोलीत किस्से साचतात, त्याला कारण आहे. सरांकडे पेशंट येतो, पाच मिनिटांत जातो. माझ्याकडे तो रोज तासभर येतो, आणि तासभर पाय वर-खाली करताना गप्प बसेल असा माणूस अजून जन्माला यायचाय!

* * *

बोनकोड्याच्या एका माणसाचं प्लास्टर कापलं. आतून पाय निघाला तो काठीसारखा. कातडी सुकलेली, पोटरी गायब. शेजारी दुसरा पाय चांगला खांबासारखा.

त्याच्या बायकोने एकदा या पायाकडे बघितलं, एकदा त्या पायाकडे, आणि कमरेला हात लावून उभी राहिली.

‘‘यो पाय आमचा नाय!’’

मी टेप काढली, दोन्ही मांड्या मोजून दाखवल्या. सांगितलं, ‘‘ताई, पाय तोच आहे. दीड महिना त्याला काही काम नव्हतं. काम नसलं की स्नायू झिजतो. आणि उभं राहायला जे स्नायू लागतात, ते आधी झिजतात.’’

बाईने थोडा विचार केला. मग नवऱ्याकडे वळली. ‘‘ऐकलंस ना? काम नाय केलं का आसा व्हतं. तू आख्खा आसाच व्हशील!’’

एवढं चांगलं लेक्चर मला कॉलेजात कुणी दिलं नव्हतं.

* * *

रशियाच्या अंतराळ स्थानकावरून परत आलेल्या एका अंतराळवीराचा फोटो पेपरात आला होता. चार माणसं त्याला खुर्चीत बसवून उचलून नेताहेत, आणि तो कसनुसा हसतोय. मी तो कापून भिंतीवर चिकटवला.

मोठे सर आत आले. ‘‘हे काय? इथे शाळा आहे का?’’

‘‘सर, हा माणूस तरुण आहे. धडधाकट आहे. काही मोडलेलं नाही. वर रोज व्यायामही करत होता. तरी काही महिने पायांवर शरीराचा भार आला नाही, तर खाली उतरल्यावर उभं राहायची पंचाईत.’’

‘‘मग?’’

‘‘मग आपला वॉर्डही अंतराळातच आहे, सर. फक्त पंखा गरगरतोय आणि व्यायाम कुणी करत नाही.’’

सर फोटोकडे एकदा बघून निघून गेले. मला वाटलं, नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी बघते तर फोटो जागेवरच होता. आणि तीन नंबरच्या कॉटवरच्या पेशंटच्या केसपेपरवर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘उभे करा.’

का, ते मी विचारलं नाही.

* * *

तळोज्याच्या कारखान्यातला एक तिशीचा गृहस्थ. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्याला सांगितलं, घरी रोज सकाळ-संध्याकाळ वीस वेळा पाय सरळ उचलायचा. सोबत त्याची आई होती, ती प्रत्येक शब्दाला मान हलवत होती.

तीन आठवड्यांनी दोघं आले. मी मांडी मोजली. होती तेवढीच!

‘‘व्यायाम केला नाही ना?’’

‘‘देवाशप्पथ केला, मॅडम! एक दिवस चुकवला नाही.’’

आई मध्येच म्हणाली, ‘‘मी साक्षीला आहे की! रोज वीस आणि वीस. पण बाई, आता माझाच खांदा भरून आलाय, त्याचं काहीतरी बघा.’’

‘‘तुमचा खांदा? तो का?’’

‘‘त्याला त्रास नको, म्हणून मीच उचलत होते ना त्याचा पाय!’’

मी कपाळाला हात लावला. मग काय वाटलं कोण जाणे, त्या माउलीचे दोन्ही दंड मोजले. उजवा चांगला भरलेला निघाला!

* * *

आता घरचा किस्सा. बाहेरच्यांना शहाणपण शिकवणं सोपं असतं.

तात्या म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. मूळ साताऱ्याकडचे, वीस वर्षं मार्केटात माथाडी. कांद्याची गोणी घेऊन उतरताना पाय घसरला आणि नडगी मोडली. कोपरखैरण्याला आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात त्यांची खाट पडली. टोळीच्या मुकादमांनी सांगितलं, ‘‘पाडव्यापर्यंत जागा ठेवतो. पुढं माझ्या हातात न्हाय.’’

प्लास्टर निघालं. सरांनी एक्स-रे बघून सांगितलं, हाड जुळलंय, हळूहळू भार द्या. मी तात्यांना तो अंतराळवीराचा फोटो दाखवला, सगळं समजावलं. तिथे शरीराला वजनच जाणवत नाही, सगळं तरंगतं, म्हणून पाय झिजतात.

तात्यांनी फोटो बराच वेळ बघितला. ‘‘म्हंजे तितं पोत्याला बी वजन न्हाय?’’

‘‘नाही.’’

‘‘मग हमाल मरायचाच की तितं.’’

लगेच म्हणाले, ‘‘सांग. काय काय उचलायचं?’’

पण आमच्या घरात बसली होती थोरली आत्या. सेवेला म्हणून गावाहून आलेली, तात्याही तिला आक्का म्हणून वचकून असतात. तिचं म्हणणं, गावाकडून माणसं भेटायला येतात, बिस्किटाचे पुडे आणतात. आजारी माणूस त्यांना झोपलेलाच दिसला पाहिजे. फिरताना दिसला तर काय म्हणतील? ‘एवढा धड आहे, तर आम्हाला कशाला खेपा घालायला लावल्या?’

मग आमची चोरी सुरू झाली. आत्या देवळात गेली की व्यायाम. पायरी चढणं, टाचा उचलणं, घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय वर. बेल वाजली की तात्या खाटेवर, अंगावर गोधडी, तोंडाने ‘आई गंऽ’. दर आठवड्याला टेप लावायची. मांडी भरत होती!

एकदा बेल वाजली ती फार अवचित. तात्यांना घोट्याची पिशवी सोडायला वेळच मिळाला नाही. आत आल्या गावच्या एक काकी. त्यांनी मायेने गोधडीवरून पाय चाचपला आणि किंचाळल्या.

‘‘अगं बया! पाय सुजून भोपळा झालाय की!’’

तात्या भिंतीकडे तोंड करून गदगदत होते. काकींना वाटलं, रडताहेत. त्याही रडल्या. जाताना कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून गावाला फोन करून गेल्या.

* * *

त्या फोनची फळं चौथ्या दिवशी, ऐन व्यायामाच्या वेळी, देवळातून परतलेल्या आत्यासकट दारात उभी होती; तात्या पुन्हा पिशवीसकट गोधडीत. मुकादम, टोळीतली चार माणसं आणि खाली कळंबोलीहून मागवलेला टेम्पो. गावाने ठरवून यांना कळवलं होतं असं : तात्यांना खाटेसकट उचलायचं, गावी न्यायचं, तिथे हाडवैद्याचा लेप लावून सहा महिने निजवून ठेवायचं.

‘‘सहा महिने?’’ मी म्हटलं. ‘‘पाडवा पंधरा दिवसांवर आलाय!’’

आत्या म्हणाली, ‘‘पोरी, जागा गेली तर जाईल. पाय ऱ्हायला पायजे.’’

‘‘सहा महिने झोपवलंत तर पायही जाईल आणि जागाही.’’

बाबा म्हणाले, ‘‘मोठी माणसं बोलतायत ना? तू मधे पडू नको.’’

‘‘पडणारच. बाबा, ते शिकायला मला कॉलेजात तुम्हीच घातलंत.’’

चौघा गड्यांनी खांद्यावरचे टॉवेल काढून घड्या केल्या आणि खाटेचे चार कोपरे धरले. मी दाराच्या चौकटीत दोन्ही हात लावून उभी राहिले.

‘‘खाटेला हात लावायचा नाही. तात्यांना मी उचलू देणार नाही.’’

‘‘अगं, मग ते जिना उतरनार कसं?’’ आत्या ओरडली.

‘‘पायांनी!’’

आत्या बाबांकडे बघायला लागली, बाबा मुकादमांकडे, मुकादम छताकडे.

तात्यांनी गोधडी बाजूला केली. उठून बसले. घोट्याला बांधलेली वाळूची पिशवी सावकाश सोडली आणि आत्याच्या ओंजळीत ठेवली.

‘‘आक्का, ही घे माझी सूज. जपून धर, जड हाय.’’

मग कठड्याला हातही न लावता ते दोन मजले उतरले. खाली टेम्पोपाशी थांबले, वर बघितलं आणि हाक मारली,

‘‘ए गड्यांनो! रिकाम्या हातानं काय उतरताय? एवढं आलायसा तर खाट घ्या. गावाला तिलाच जाऊ द्या!’’