सी, पायथन आणि आमची घाबरगुंडी

शिक्षकांकडे पोरांच्या फजितीचे किस्से ढिगानं असतात. पिरंगुटजवळच्या आमच्या कॉलेजात, कंप्युटरच्या स्टाफरूममध्ये मात्र घाबरल्याचेच किस्से साठले. त्यातले निम्मे आम्हा शिक्षकांचे.

*

तेव्हा आम्ही प्रोग्रॅमिंगची पहिली भाषा म्हणून सी शिकवायचो. भरे गावची सानिका पहिल्या प्रॅक्टिकलला कीबोर्डला हातच लावेना.

"अगं, दाब की."

"मॅडम, चुकीचं दाबलं तर? बाबांच्या कंपनीत एकानं मशीनचं चुकीचं बटण दाबलं, त्याची दोन बोटं गेली."

मी हसणार होते. तिचा चेहरा पाहिला आणि शेजारी स्टूल ओढून बसले.

*

त्या वर्षी सीमध्ये इतकी मुलं नापास झाली की मीटिंग लागली. मी म्हटलं, आधी पायथन शिकवू, सोपी आहे. शेख सर वीस वर्षं सी शिकवत आलेले. मलाही त्यांनीच शिकवलेली. ते एवढंच म्हणाले, "पाया कच्चा राहील."

नंतर जिन्यात मला थांबवून हळूच म्हणाले, "पायाचं सोड गं. सी गेली तर मला काय येतं?"

*

पायथन ठरली. लगेच नेरे गावाहून एक पालक आले.

"हिंजवडीच्या कंपन्यांत हीच भाषा लागंल ना? न्हाईतर चार वर्सांनी म्हणाल, आता ती चालत न्हाई."

"चालेल," मी ठामपणे सांगितलं. ते गेले आणि मला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना.

*

माझा पायथनचा पहिला तास. शेवटच्या बाकावर शेख सर, नवी वही उघडून. माझा प्रोग्रॅम सगळ्यांसमोर अडला. कशीबशी वेळ मारून नेली.

तासानंतर सर म्हणाले, "तिसऱ्या ओळीच्या शेवटी कोलन हवा होता का? की मलाच नीट कळलं नाही?"

*

दिवाळीनंतर पायथनसाठी दुसरी तुकडी सरांकडे आली. मी दाराबाहेर उभी होते. सरांनी फळ्यावर एक ओळ लिहिली, सीच्या सवयीनं शेवटी सेमीकोलन दिला, पुसला. मग वळले.

"मुलांनो, खरं सांगतो. ही भाषा मी तुमच्या फक्त चार महिने आधी शिकलोय. मला भीती वाटतेय."

मला वाटलं, आता हे सगळ्या कॉलेजभर होणार.

मधल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"मग तुमी हळू शिकवाल ना, सर?"