माझ्या हातची गाठ

सन २०२३. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. कोंढा गावाजवळ माझ्या धानाच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक अनोळखी बाई गुडघे टेकून बसली होती. पवनीच्या, कुत्रे वाचवणाऱ्या गटातली. तिच्या मांडीवर एक कुत्री, अन् कुत्रीच्या गळ्यात तारेचा फासा. तापल्या लेकराशी बोलावं तशी बाई तिच्याशी हळू बोलत होती.

"बाबाजी, माही पकड घसरून राहिली. हात लावता का?"

जवळ जाऊन फासा पाहिला. गाठ माझी होती. रानडुकरांसाठी मीच बांधलेली. ती कुठून सुटते, हे फक्त मला ठाऊक. गप्प राहिलो असतो तर कोणाला कळलं नसतं. पण कुत्रीचे डोळे पांढरे व्हायला लागले. मी एक टोक दाबून दुसरं ओढलं, फासा गळून पडला.

बाईनं माझ्या हातांकडे पाहिलं. आता ही पोलिसाचं नाव काढते, असं वाटलं.

"कुत्र्याइले निजाले जुने पोते देनारे भेटतात, भात शिजवून देनारे भेटतात," ती म्हणाली. "फासे सोडवनारा हात आमच्यापाशी नाही, बाबाजी."

उभ्या जन्मात कोणापुढे मान खाली घातली नव्हती. त्या दिवशी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच धुऱ्यावरचे बाकीचे सगळे फासे सोडवले, तार पोत्यात भरली अन् पवनीला जाऊन तिच्यापुढे ठेवली.