वीस वेळा चालू करून बघितलेला कॉम्प्युटर

शुद्धलेखन चुकेल आणि अक्षर तर कोंबडीने उकरल्यासारखं, त्याबद्दल आधीच माफ करा. चौथीनंतर माझी शाळा सुटली. ही वही कुणी वाचेल असं नाही, तरी लिहून ठेवते.

मी पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकते. लेकीला घरी बसून करायची नोकरी लागली, पण तीन महिने कच्ची. सकाळी नऊला कॉम्प्युटरवरच हजेरी, आणि तीनदा उशीर झाला की घरी. बचत गटाचं बत्तीस हजार कर्ज उचलून एका दुकानातून जुना कॉम्प्युटर घेतला. दुकानदार म्हणाला, "मावशी, एवढा फास्ट नव्यातसुद्धा मिळायचा नाही."

लेकीने त्यात फुकट मिळणारी सिस्टीम टाकली. दुसऱ्याच दिवशी काळ्या पडद्यावर चार ओळी आल्या आणि तो थिजला. परत चालू केला तर चांगला चालला. आठवड्यात असा दोनदा अडकला आणि दोनदा हजेरीला उशीर झाला.

तो उचलून दुकानात नेला. दुकानदाराने तीन वेळा चालू केला, तिन्ही वेळा चालला. "मशीन ओके आहे. फुकटची सिस्टीम टाकली की अशी नाटकं होणारच." मग नाकाला रुमाल लावून म्हणाला, "घरात मासळी असते ना मावशी? वासाने पण बिघडतं." दोन गिऱ्हाइकं हसली. बाजारात मी रोज कुजकी मासळी हाताने वेगळी काढते, तेव्हा मला काही होत नाही. त्या माणसाच्या गोड बोलण्याची मात्र शिसारी आली. गप्प राहिले म्हणून स्वतःचीही.

लेकीने घरी वाचून शोधलं. मला समजेल असं सांगितलं, की सिस्टीमच्या मुळाशी कर्नल असतो. काम कमी तेव्हा तो प्रोसेसरला हळू पळवतो, काम वाढलं की जोरात. चालू होताना तो वेग वर नेतो, तिथेच हा कॉम्प्युटर अडकत असेल. नव्या कर्नलमध्ये खोट असेल म्हणून तिने जुना घालून तीनदा चालू केला. "झालं गो आये!"

"तीनदा काय? कोडी कर."

आमच्यात बोंबील कोडीने मोजतात. वीस म्हणजे वीस. एकोणीस भरले तर त्याला कोडी म्हणत नाहीत.

"वीस वेळा? बोट मोडेल माझा!"

"मी दाबते. तू बघ."

खडूने लादीवर रेघा ओढत बसले. जुन्या कर्नलवर अकराव्या रेघेला अडकला. म्हणजे खोट नव्या कर्नलची नव्हती. मग लेकीने वरचा वेग अडवून धरला, जास्त पळूच द्यायचं नाही. वीसच्या वीस रेघा झाल्या. अजून एक कोडी केली, तीही पुरी. मग तिने आतली सेटिंग उघडून बघितली. दुकानदाराने प्रोसेसरचा वेग कारखान्याने ठरवल्यापेक्षा वर चढवून ठेवला होता. हळू यंत्र फास्ट म्हणून दुप्पट भावाने विकलं होतं. आमच्या बाजारात वजन वाढावं म्हणून सुक्यात ओले बोंबील मिसळणारे असतात, त्यांच्याकडे बघावंसं वाटत नाही. हा त्यांच्यातलाच, फक्त इस्त्रीचा शर्ट घातलेला.

वेग अडवून हजेरी लागत राहिली. नोकरी पक्की झाली आणि कंपनीने स्वतःचा लॅपटॉप पाठवला. मग आम्ही अडवलेला वेग मोकळा करून कॉम्प्युटर परत दुकानदारासमोर ठेवला. त्याने पुन्हा तीनदा चालू केला आणि हात झटकले.

"कोडी होऊ द्या," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"मावशी, हे बोंबील नाहीत."

"नाय ना. बोंबील खराब निघाले तर मी पैसे परत देते."

या वेळी हसणारे माझ्या बाजूने हसले. नवव्या वेळी पडदा थिजला. लेकीने सगळ्यांसमोर आतली सेटिंग उघडून दाखवली. दुकानदार म्हणाला, "अहो, हे आधीच्या मालकाने केलं असेल." कुणी मान हलवली नाही.

निम्मे पैसे त्याने तेव्हाच दिले. बाकीच्यासाठी चार खेपा झाल्या. दर खेपेला "मावशी, चहा घ्या." त्याच्या हातचा चहा माझ्या घशाखाली उतरला नसता. काल त्याने शेवटचे पाच हजार मोजून दिले. मी तशीच गटाच्या बैठकीला गेले आणि मुद्दल भरली. व्याज मासळीच्या धंद्यातून आधीच दिलं होतं. बत्तीसच्या बत्तीस हजार फिटले.